गुडघ्यातला जंतुसंसर्ग, उतरलेलं बीपी आणि मिनोसायक्लिनची परीक्षा

एक ६९ वर्षांची बाई. बीपी जन्माचं मागे लागलेलं आणि औषधांना न जुमानणारं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि तो घालवायला तीन अँटिबायोटिक्स एकत्र द्यावी लागली. व्हँकोमायसिन, रिफाम्पिसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. सगळ्यांचं लक्ष गुडघ्याकडे असताना घडलं भलतंच. बीपीची औषधं चालू नसतानाही बाईंचं बीपी आटोक्यात राहिलं.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिल इथल्या डॉक्टरांनी २०१५ साली हृदयरोगाच्या एका नियतकालिकात ही हकिकत छापली. लिहिणाऱ्यांत कार्ल पेपाइन हे ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ होते आणि मोहन रायझादा हे संशोधक होते. रायझादांच्या प्रयोगशाळेत बीपीचा मेंदूशी आणि आतड्याशी काय संबंध आहे यावर आधीपासून काम चालू होतं. म्हणून ही रुग्ण त्यांच्या नजरेतून सुटली नाही. दुसरीकडे कुठे हे घडलं असतं, तर 'आजारपणात बीपी उतरलं' एवढी एक ओळ केसपेपरवर आली असती आणि विषय तिथेच मिटला असता.

हे प्रकरण मी सविस्तर लिहायला घेतलं त्याला कारण माझ्याच ओपीडीत घडलं. साठीचे एक काका खिशातून मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकचं पाकीट काढून म्हणाले, "डॉक्टर, ह्याने बीपी जातं म्हणे. भाच्याने मोबाइलवर वाचलं. दोन घेतल्यात, बाकीच्या घेऊ का?" त्यांना तीन बीपीच्या गोळ्या चालू होत्या आणि तरीही आकडा १७०च्या खाली येत नव्हता. माणूस कंटाळलेला होता, घाबरलेलाही होता. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला त्यांनी घरात पाहिला होता. अशा माणसाला 'इंटरनेटवरचं काही वाचू नका' असं झटकून टाकणं मला पटत नाही. भाच्याने वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं इथे मांडतो.

न जुमानणारं म्हणजे नेमकं काय

रेझिस्टंट हायपरटेन्शन या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. वेगवेगळ्या गटांतली तीन औषधं, त्यांतलं एक बहुधा लघवी वाढवणारं, प्रत्येक पुरेशा किंवा सोसेल तितक्या जास्तीत जास्त डोसमध्ये, आणि तरीही दाब ठरवलेल्या पातळीच्या वर. चार किंवा जास्त औषधांनी कसाबसा आटोक्यात आलेला दाबही याच नावाखाली येतो. नेहमीची तीन औषधं म्हणजे अम्लोडिपिनसारखं एक, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं एक आणि क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी.

पण न जुमानणारं वाटणारं प्रत्येक बीपी खरोखर तसं नसतं, आणि इथे घाई केली की पुढचं सगळंच चुकतं. काकांचा दंड चांगला भरलेला, आणि बाहेर बीपी मोजलं जात होतं नेहमीच्या लहान पट्ट्याने. लहान पट्टा जाड दंडावर आकडा चढवून दाखवतो. मोठा पट्टा लावला, पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसवलं आणि पुन्हा मोजलं. १५६ आलं. तरी जास्तच होतं, पण १७० नव्हतं. मग गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायला सांगितली. अम्लोडिपिनच्या पाकिटात महिनाअखेरीला असायला हव्या होत्या तेवढ्याच गोळ्या होत्या. क्लोरथॅलिडोनचं पाकीट मात्र जवळजवळ भरलेलं. "एसटीने जायचं असलं की घेत नाही, मध्येच उतरावं लागतं." आणि ते आठवड्यातून चार दिवस एसटीने जात होते.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक आणि घशासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा. दुखण्याच्या या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिन कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडात मोकळं रान देतं, मग पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. घरगुती म्हणून कुणी ते औषधांच्या यादीत सांगत नाही, आपणही विचारायला विसरतो. हे सगळं बाजूला केल्यावर, झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं तपासल्यावर, अल्डोस्टेरॉन हे बीपी चढवणारं संप्रेरक पाहिल्यावर जे उरतं, त्याला खरं न जुमानणारं बीपी म्हणायचं. गेन्सव्हिलचा प्रश्न त्या उरलेल्या माणसांसाठी होता.

आधी मेंदू, मग आतडं

मुरुमांसाठी वर्षानुवर्षं दिली जाणारी मिनोसायक्लिनची गोळी बीपीच्या दारात कशी पोहोचली? मिनोसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेलं औषध. त्याचे दोन गुण इथे कामाचे. ते चरबीत सहज विरघळतं, म्हणून मेंदूपर्यंत चांगलं पोहोचतं. आणि जंतू मारण्याव्यतिरिक्त ते दाह कमी करतं, विशेषतः मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशींना शांत करतं.

रायझादांच्या गटाने २०१० साली उंदरांवरचा प्रयोग छापला. अँजिओटेन्सिन टू हे संप्रेरक सतत सोडून उंदरांचं बीपी चढवलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या मायक्रोग्लिया चेवतात आणि दाहाची रसायनं सोडतात. तिथून निघणाऱ्या नसा हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना सारखा चाबूक मारत राहतात. मिनोसायक्लिन थेट मेंदूतल्या पोकळीत सोडलं तेव्हा या पेशी शांत झाल्या आणि बीपीची चढण कमी झाली. इथवर आतड्याचा विषयही नव्हता.

आतडं आलं २०१५ साली. जन्मतः बीपी असणारे उंदीर आणि अँजिओटेन्सिनने बीपी चढवलेले उंदीर, दोघांच्याही आतड्यातल्या जिवाणूंची विविधता कमी झालेली दिसली. फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडिटीज या दोन मोठ्या कुळांचं प्रमाण बिघडलं होतं. अॅसिटेट आणि ब्युटिरेट ही आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं बनवणारे जिवाणू घटले होते. बीपी असलेल्या माणसांच्या एका लहान गटातही विविधता कमी आढळली. अँजिओटेन्सिनवाल्या उंदरांना मिनोसायक्लिन तोंडावाटे दिलं, तेव्हा बीपी उतरलं आणि जिवाणूंचं बिघडलेलं प्रमाणही बरंचसं ठिकाणावर आलं.

दोन वर्षांनी, २०१७ साली, चीनमधल्या संशोधकांनी बीपी असलेल्या माणसांची विष्ठा जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडली आणि त्या उंदरांचं बीपी वाढलं. म्हणजे आतड्यातले जिवाणू बीपीसोबत नुसते बदलत नाहीत, ते बीपी ढकलूही शकतात. ही कल्पना तशी जुनीच. १९८५ सालीही अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांत प्रयोगातून चढवलेलं बीपी कमी चढतं असं छापून आलं होतं.

गुडघ्याच्या जखमेची बाई या सगळ्याच्या मधोमध आली. प्रयोगशाळेत उंदीर, समोर खाटेवर माणूस, आणि दोन्हीकडे अँटिबायोटिकनंतर बीपी खाली. मग याच विद्यापीठाने न जुमानणारं बीपी असलेल्या रुग्णांवर मिनोसायक्लिनची चाचणी नोंदवली. जुनं, स्वस्त, वर्षानुवर्षं वापरलेलं औषध नव्या कामाला लावून पाहण्याचा फायदा उघड आहे. त्याचे धोके आधीच माहीत असतात, नवा रेणू शोधण्यात दहा वर्षं जात नाहीत.

बाईंच्या हकिकतीत अडकणारे खडे

मला ही हकिकत मोलाची वाटते, म्हणूनच ती नीट चाचपून पाहावीशी वाटते.

पहिला खडा रिफाम्पिसिनचा, आणि तो सगळ्यात विलक्षण आहे. आपल्याकडे टीबीमुळे हे औषध प्रत्येक डॉक्टरच्या हाताखालून गेलेलं आहे. रिफाम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं. अम्लोडिपिन, निफेडिपिन, मेटोप्रोलॉल अशी बीपीची कितीतरी औषधं त्याच्यामुळे रक्तात टिकत नाहीत. टीबीचं औषध सुरू केल्यावर बीपी हाताबाहेर गेलेले रुग्ण आपण पाहतोच. म्हणजे या बाईंवर बीपीची औषधं चालू असती, तर रिफाम्पिसिनने ती निकामी करून बीपी चढवायला हवं होतं. इथे तर औषधं नसताना बीपी खाली राहिलं. ही गोष्ट हकिकतीच्या बाजूने बोलते.

दुसरा खडा व्हँकोमायसिनचा, आणि तो विरुद्ध बाजूने टोचतो. तोंडावाटे घेतलेलं व्हँकोमायसिन आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही. म्हणून जखमेच्या आणि सांध्याच्या संसर्गात ते शिरेतूनच देतात. आणि शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन आतड्यात फारसं पोहोचत नाही. मग आतड्यातले जिवाणू बदलले असतील तर ते जास्त करून उरलेल्या दोघांनी. तीन औषधांतलं कोणतं कामाला आलं, हे एका रुग्णावरून वेगळं काढता येत नाही. शिवाय त्या तिघांत मिनोसायक्लिन नव्हतंच. भाच्याच्या वाचनातून नेमकं हेच निसटलं होतं.

तिसरा खडा आजारपणाचा. जंतुसंसर्ग स्वतःच रक्तवाहिन्या सैल करतो. अंथरुणावरच्या माणसाचं जेवण तुटतं, मीठ कमी जातं, वजन उतरतं, दुखण्याच्या गोळ्या बदलतात. शिरेतून व्हँकोमायसिन भरभर गेलं तरी बीपी पडतं. यांतलं प्रत्येक कारण साधं आहे आणि आतड्यातल्या जिवाणूंना हातही न लावता दाब खाली आणू शकतं.

उंदीरही एकमताचे नाहीत

अमेरिकेतल्याच टोलेडो विद्यापीठात बीना जो यांच्या गटाने २०१८ साली दोन जातींच्या उंदरांना अँटिबायोटिक्स देऊन पाहिली. एक जात जन्मतः बीपी असणारी, दुसरी मिठाने बीपी चढणारी. मिनोसायक्लिनने पहिल्या जातीचं वरचं बीपी उतरलं आणि दुसऱ्या जातीचं चढलं. औषध तेच, परिणाम उलटा. आनुवंशिक घडण वेगळी, आतड्यातलं बिऱ्हाडही वेगळं.

मिठाने बीपी चढणारी जात वाचताना मला आपलं ताट दिसतं. पापड, लोणचं, खारवलेली मिरची, कोकणात सुकी मासळी. काका त्या दोन जातींपैकी कुठल्या बाजूचे, हे सांगणारी कुठलीही तपासणी माझ्या हातात नाही. मग पाकिटातली तिसरी गोळी बीपी उतरवेल की चढवेल, हे मी कशाच्या जोरावर सांगणार?

त्याहून मोठा प्रश्न २०१९ साली रायझादांच्याच गटाने उभा केला. त्यांनी टेट्रासायक्लिनचं एक बदललेलं रूप वापरलं, ज्यात जंतू मारण्याची ताकदच ठेवलेली नाही. ते उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत सोडलं. मायक्रोग्लिया शांत झाल्या, बीपी उतरलं आणि आतड्यातली बिघडलेली घडीही सुधारली. औषध मेंदूत, सुधारणा आतड्यात. म्हणजे कारणाचा बाण आतड्याकडून मेंदूकडे जातो तसा मेंदूकडून आतड्याकडेही येतो. मिनोसायक्लिनचं काम मुळात मेंदूतून होत असेल, तर त्यासाठी अँटिबायोटिक लागणारच नाही. जंतू न मारणारं, फक्त दाह शमवणारं त्याचं भावंड पुरेल. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात आशेचा वाटणारा धागा हाच आहे. मिनोसायक्लिनचं इथलं काम वाट दाखवण्याचं आहे, त्या वाटेवरून चालायचं औषध बहुधा दुसरंच असेल.

चाचणी कशी असायला हवी

न जुमानणाऱ्या बीपीच्या क्षेत्राने एक मोठा फटका खाल्लेला आहे. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीभोवतीच्या नसा कॅथेटरने जाळण्याचा उपाय आला, तेव्हा २०१० सालच्या चाचणीत वरचं बीपी तब्बल ३२ने उतरलं. जगभर उत्साह पसरला. मग २०१४ साली ५३५ रुग्णांवर चाचणी झाली. तिच्यात काही जणांना खरा उपाय मिळाला आणि काहींना नुसतं टेबलावर घेऊन नाटकी प्रक्रिया केली. खऱ्या उपायाने वरचं बीपी सुमारे १४ने उतरलं, नाटकीने जवळपास १२ने. एवढा थोडा फरक योगायोगानेही पडू शकतो. चाचणीत नाव घातलं की माणूस गोळ्या वेळेवर घेतो, मीठ कमी करतो, डॉक्टर वारंवार भेटतो, आणि पहिल्या दिवशी फार वर असलेला आकडा आपणहून थोडा खाली सरकतोच.

म्हणून मिनोसायक्लिनला औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या जोडीनेच उभं करायला हवं. बीपी दवाखान्यात एकदा मोजून चालणार नाही, दंडाला यंत्र बांधून चोवीस तास मोजायला हवं. बीपीच्या गोळ्या खरंच पोटात जातात का, हे लघवी तपासून पाहायला हवं.

न जुमानणाऱ्या बीपीवरची उत्तम चाचणी म्हणून ब्रिटनमधल्या २०१५च्या पाथवे-टूकडे बोट दाखवतात. ३३५ रुग्णांना स्पिरोनोलॅक्टोन, बायसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन ही बीपीची तीन औषधं आणि खोटी गोळी, चारही आळीपाळीने दिली. प्रत्येक माणूस स्वतःचीच तुलना. खोट्या गोळीपेक्षा स्पिरोनोलॅक्टोनने घरी मोजलेलं वरचं बीपी ८.७ने जास्त उतरवलं. मिनोसायक्लिनसाठी मात्र ही आळीपाळीची रीत सरळ वापरता येणार नाही. स्पिरोनोलॅक्टोन थांबवलं की काही आठवड्यांत शरीर पूर्वपदावर येतं. अँटिबायोटिकने बदललेलं आतड्यातलं बिऱ्हाड कधी काही आठवड्यांत सावरतं, कधी काही जिवाणू महिनोन्‌महिने परत येत नाहीत. आधी मिनोसायक्लिन मिळालेला माणूस खोट्या गोळीच्या फेरीत येईल, तेव्हा तो पूर्वीचा माणूस राहिलेला नसेल. गट वेगळेच ठेवावे लागतात, आणि गट वेगळे ठेवले की रुग्ण जास्त लागतात.

आणखी एक अडचण आहे. मिनोसायक्लिनने कानाच्या आतला तोल बिघडून चक्कर येते, हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम. बीपीच्या रुग्णाला चक्कर आली की त्याला वाटतं, बीपी उतरलं. खोटी गोळी कुणाला आणि खरी कुणाला, हे त्या चक्करवरूनच उघडं पडू शकतं.

औषधाची किंमत

मिनोसायक्लिन आपल्याकडे परकं नाही. कुष्ठरोगाच्या कामातले जुने सहकारी 'रोम' ओळखतात. त्वचेवर एकच चट्टा असेल तर रिफाम्पिसिन, ऑफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिनचा एकच डोस देत. एक डोस देणं वेगळं आणि बीपीसाठी वर्षानुवर्षं रोज देणं वेगळं. दीर्घकाळ घेतल्यावर कातडीवर आणि हिरड्यांवर निळसर-करडे डाग पडतात. यकृताला सूज येते, ल्यूपससारखा सांधेदुखीचा आजार उद्भवतो, कवटीतला दाब वाढून डोकं आणि डोळे दुखतात. गरोदर बाईला ते देत नाहीत, वाढत्या मुलांचे दात पिवळे पडतात.

हे झालं एका माणसापुरतं. बीपी हा कोट्यवधींचा आजार आहे. त्यांतल्या थोड्यांनी जरी रोज अँटिबायोटिक घेतलं, तरी अंगावरचे आणि आतड्यातले जंतू त्या औषधाला निर्ढावतील. उद्या खरा न्यूमोनिया होईल तेव्हा हाताशी काय उरेल? पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं आणि काकांना ते चिठ्ठीशिवाय मिळालं होतं, हे लिहिताना वाईट वाटतं.

काकांचं पुढे

पाकीट मी ठेवून घेतलं. का ठेवतोय तेही सांगितलं, उंदरांच्या दोन जातींसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी कुठला उंदीर ते कळेपर्यंत थांबायचं?" म्हटलं, तोपर्यंत हातात आहे ते नीट करू.

ज्येष्ठमध बंद, डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला व्यायाम आणि गरजेपुरतं पॅरासिटामॉल. लघवीची गोळी एसटीच्या दिवशी गावी परत आल्यावर घ्यायची असं ठरलं, चुकवण्यापेक्षा उशिरा घेतलेली बरी. मोठ्या पट्ट्याचं यंत्र मुलाने आणून दिलं. सकाळ-संध्याकाळचे आकडे ते शाळेच्या वहीत तारखेसह लिहून आणू लागले. सहा आठवड्यांनी वहीतले आकडे १४०च्या आसपास होते, अजून थोडे वरच. पोटॅशियम तपासलं, मूत्रपिंड ठीक निघालं, मग स्पिरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम चौथं म्हणून जोडलं. परवा आले तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर १२८, १३१ आणि १२६ होतं. खाली पेन्सिलने एक ओळ लिहिलेली होती, "फ्लोरिडाचं काही कळलं का विचारणे".